औषध निवडक, वापर सरसकट

भातलावणी आटोपली की वाशिंदपासून शहापूरपर्यंत आणि पलीकडे मुरबाडच्या डोंगरपायथ्यापर्यंतच्या गोठ्यांत एक तक्रार वाढू लागते. गाय वैरण सोडते, अंग तापते, दूध आटते. एखाद्या जनावराची लघवी गडद लाल होते. गोचीड ताप, असे निदान गोठ्यातच ठरते. डॉक्टर येतात, पिवळी भुकटी पाण्यात विरघळवतात आणि स्नायूत खोल टोचतात. ही भुकटी बहुधा डिमिनाझिन ॲसिच्युरेटची असते. पशुपालक तिला ‘बेरेनिल’ या जुन्या नावाने ओळखतात.

या भुकटीतला रेणू डीएनएच्या साखळीवरची विशिष्ट अक्षरे निवडून तिथेच चिकटतो. अशा रेणूंची जुळणी कशी करावी, त्यांना हवे ते अक्षर कसे ओळखायला लावावे, हा गेल्या चाळीस वर्षांत रसायनशास्त्रातला मोठा विषय झाला आहे. त्या ज्ञानाचा काही भाग पुण्या-मुंबईच्या प्रयोगशाळांत तयार झाला. तो ठाणे जिल्ह्यातल्या गुरांच्या कामी येत नाही, आणि हातात असलेले निवडक औषधही रोग न तपासता सरसकट टोचले जाते. या दोन्ही गोष्टी बदलायला हव्यात आणि त्या बदलता येण्यासारख्या आहेत.

डिमिनाझिन जर्मनीतल्या होक्स्ट कंपनीच्या प्रयोगशाळेतून 1955 मध्ये पुढे आले. डीएनएच्या दुहेरी साखळीची रचना जगाला कळून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. औषध शोधणाऱ्यांना ते परजीवी मारते एवढे दिसत होते. ते नेमके कुठे जाऊन बसते हे त्यांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. ते चित्र 1990 मध्ये मिळाले. ब्रिटनमधल्या स्टीफन नीडल आणि सहकाऱ्यांनी डिमिनाझिन आणि डीएनएचा छोटा तुकडा यांचा एकत्र स्फटिक करून क्ष-किरणांनी त्याची रचना टिपली. म्हणजे हे औषध गुरांना पस्तीस वर्षे टोचले जात होते आणि त्यानंतर ते डीएनएवर कसे बसते हे डोळ्यांना दिसले.

त्या रचनेत जे दिसले ते समजायला फार अवघड नाही. डीएनएच्या पिळावर दोन खाचा असतात, एक रुंद आणि एक अरुंद. ए, टी, जी आणि सी ही चार अक्षरे; ए समोर टी येते आणि जी समोर सी. जिथे जी-सीच्या जोड्या असतात तिथे जी या अक्षराचा एक अमिनो गट अरुंद खाचेच्या तळातून वर डोकावतो आणि आत येऊ पाहणाऱ्या रेणूला अडवतो. ए-टीच्या सलग जोड्या असल्या की ती अडचण नसते. शिवाय खाच अधिक अरुंद आणि खोल होते. डिमिनाझिनच्या रेणूला विळ्यासारखा बाक आहे आणि त्याच्या दोन्ही टोकांना धन विद्युतभार आहे. खाचेचा बाक आणि रेणूचा बाक जुळतात, टोके तळातल्या अक्षरांशी बंध जोडतात आणि रेणू तिथे घट्ट बसतो.

मग प्रश्न येतो, गायीच्या स्वतःच्या डीएनएचे काय? तिथेही ए-टीच्या सलग जोड्या भरपूर आहेत. चारही अक्षरे सारख्या प्रमाणात धरली तरी सरासरी दर सोळा जागांमागे एका जागी सलग चार ए किंवा टी सापडतील. तेव्हा गाय वाचते ती निव्वळ अक्षरओळखीमुळे नाही. हे औषध सर्रा या गुरांच्या रोगावरही वापरतात. त्याचा जंतू ज्या कुळातला आहे त्या ट्रिपॅनोसोमांच्या पृष्ठभागावर एक वाहक प्रथिन असते. ॲडिनोसीन हा पोषक पदार्थ आत ओढून घेण्यासाठी जंतूने ते बाळगलेले असते. डिमिनाझिनही त्याच वाटेने आत ओढले जाते आणि जंतूच्या शरीरात साठते. आत या जंतूंच्या मायटोकाँड्रियात डीएनएच्या हजारो लहान कड्या एकमेकींत अडकलेल्या असतात. त्या जाळ्याला किनेटोप्लास्ट म्हणतात. त्यात ए-टीचे प्रमाण जास्त, म्हणून औषध तिथे गोळा होते. ज्या जंतूंत हे जाळे उरलेले नसते तेही या औषधाने मरतात, तेव्हा त्याचे काम तेवढ्या एकाच ठिकाणी चालते असे मानता येत नाही. निवड दोन पातळ्यांवर होते: आधी कोणत्या पेशीत शिरायचे आणि मग कोणत्या अक्षरांवर बसायचे.

इतक्या बारकाईने निवड करणारे औषध गोठ्यात मात्र अंदाजाने वापरले जाते. गोचिडांमुळे होणारे रोग तीन प्रकारचे आहेत आणि तिन्हींवरचे औषध वेगळे आहे. बबेसिओसिसमध्ये तांबड्या पेशी फुटतात, लघवी लाल होते. त्यावर डिमिनाझिन किंवा इमिडोकार्ब चालते. थायलेरिओसिसमध्ये ताप चढतो आणि खांद्यासमोरच्या लसिकाग्रंथी सुजतात. त्यावर ब्युपार्वाक्वोन लागते. डिमिनाझिनचा तिथे उपयोग होत नाही. ब्युपार्वाक्वोनचा मारा डीएनएवर नसून जंतूच्या श्वसनसाखळीवर असतो. ॲनाप्लाझ्मोसिसमध्ये रक्तक्षय आणि कावीळ दिसते, लघवी लाल होत नाही; त्याला ऑक्सिटेट्रासायक्लिन हवे. सर्रा यापेक्षा वेगळा. तो गोचिडांमुळे होत नाही. चावणाऱ्या गोमाश्या एका जनावराचे रक्त दुसऱ्यापर्यंत नेतात. गायी-म्हशींत तो महिनोन्महिने दबून राहतो. ताप येतो-जातो, जनावर रोडावते, म्हैस गाभडते. त्यावर आपल्याकडे क्विनापायरामिन अधिक वापरले जाते आणि डिमिनाझिनही.

पहिल्या दिवशी चारही रोगांत ताप असतो आणि वैरण सुटते. फरक कळतो तो रक्ताच्या काचपट्टीवर. कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घ्यायचा, काचेवर पसरवायचा, वाळवून गिम्झा रंगाने रंगवायचा आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. तांबड्या पेशीत जोडीने बसलेले नासपतीच्या आकाराचे जंतू म्हणजे बबेसिया. पेशींच्या मधे नागमोडी पडलेला, शेपटीवाला जंतू म्हणजे ट्रिपॅनोसोमा. जंतू कमी असले तर काचपट्टी चुकवू शकते, हे खरे. पण तीव्र तापात ती बहुतेकदा उत्तर देते आणि त्यासाठी महागडी यंत्रे लागत नाहीत.

शहापूर आणि मुरबाडमध्ये हा प्रश्न अधिक टोकदार होण्याचे कारण जनावरांच्या बदललेल्या जातींत आहे. या पट्ट्यात मुसळधार पाऊस झेलणारी डांगी आणि ठेंगणी कोकण कपिला पिढ्यान्‌पिढ्या गोचिडांच्या सोबतीने राहिली. त्यांना या रोगांची झळ तुलनेने कमी बसते. दुधासाठी आणलेल्या होलस्टीन आणि जर्सी संकरित गायी मात्र थायलेरियाला लवकर बळी पडतात. अशी एक गाय म्हणजे त्या घराचे महिन्याचे उत्पन्न असते. चुकीच्या इंजेक्शनात दोन दिवस गेले तर थायलेरियाची गाय हातची जाते.

अंदाजाच्या वापराचा दुसरा तोटा लगेच दिसत नाही. ट्रिपॅनोसोमा डिमिनाझिनला दाद देईनासे होतात तेव्हा त्यांच्या डीएनएतली अक्षरे बदललेली नसतात. इतक्या जागी अक्षरे बदलणे कोणत्याही जिवाला परवडणारे नाही. बदलते ते वाहक प्रथिन. ते गमावलेल्या जंतूत औषध पुरेसे शिरतच नाही. आफ्रिकेत हे वारंवार आढळले आणि सर्रा रोगाच्या जंतूतही प्रयोगशाळेत दिसले. कमी मात्रा, अर्धवट उपचार, गरज नसताना टोचलेली इंजेक्शने यांमुळे असेच जंतू मागे उरतात. गोठ्यातला अंदाज असा थेट रेणूच्या भवितव्याशी जोडलेला आहे.

अक्षरे ओळखणाऱ्या रेणूंची विद्या या दरम्यान कितीतरी पुढे गेली. तिची सुरुवात मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जीवाणूंपासून मिळालेल्या नेट्रोप्सिन आणि डिस्टामायसिन या दोन प्रतिजैविकांपासून झाली. पहिले 1951 मध्ये कळले, दुसरे पुढच्या दशकात इटलीत. औषध म्हणून ती फार विषारी ठरली, पण दोन्ही ए-टीच्या खाचेत बसतात हे लक्षात आले. 1985 मध्ये अमेरिकेत रिचर्ड डिकरसन यांच्या गटाने नेट्रोप्सिन आणि डीएनएची एकत्र रचना उलगडली आणि कल्पना सुचली: या रेणूतल्या पायरोल कड्यांपैकी एखादी काढून तिथे इमिडाझोल कडी बसवली, तर जीच्या त्या डोकावणाऱ्या अमिनो गटाला जागा मिळेल आणि रेणू जी ओळखू लागेल. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठात जे. विल्यम लाउन यांनी असे रेणू बनवले.

खरी कलाटणी 1989 ची. डेव्हिड वेमर यांच्या चुंबकीय अनुनाद प्रयोगांत दिसले की डिस्टामायसिनचे दोन रेणू एकाच खाचेत शेजारी-शेजारी बसू शकतात. म्हणजे प्रत्येक रेणूला डीएनएचा एकेक धागा वाचता येईल. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या पीटर डर्व्हन यांनी यावर पुढची दोन दशके काम करून नियमच बांधले. इमिडाझोल समोर पायरोल असेल तर जी-सी. उलट असेल तर सी-जी. हायड्रॉक्सिपायरोल समोर पायरोल असेल तर टी-ए. दोन साखळ्या एका टोकाला जोडून आठ कड्यांचा केसपिनेच्या आकाराचा रेणू त्यांनी केला. तो सहा अक्षरांचा क्रम डीएनएला चिकटणाऱ्या नैसर्गिक प्रथिनांइतक्या ताकदीने पकडतो, हे 1996 मध्ये त्यांच्या गटाने दाखवून दिले.

सहा अक्षरे पुरतात का? माणसाच्या डीएनएत सुमारे 310 कोटी अक्षरे आहेत. चार अक्षरांपासून सहा अक्षरी क्रम 4,096 होतात, म्हणजे एकच क्रम सरासरीने एका धाग्यावर साडेसात लाख ठिकाणी येईल. एकमेव जागा गाठायची तर किमान सोळा अक्षरे वाचावी लागतात, कारण तेव्हा शक्यता 429 कोटींवर जातात. एवढा लांब रेणू पेशीत शिरत नाही, हीच या क्षेत्राची मोठी अडचण. वाट काढणारेही आहेत. फ्रिडरिक ॲटॅक्सिया या आनुवंशिक आजारात जीएए ही तीन अक्षरे शेकडो वेळा एकामागून एक येतात आणि जनुक मुके पडते. असीम अन्सारी यांच्या गटाने 2017 मध्ये त्या आवर्तनाला ओळखणाऱ्या रेणूला दुसरा रेणू जोडला आणि रुग्णांच्या पेशींत ते जनुक पुन्हा चालू करून दाखवले. जिथे एकच क्रम पुन्हापुन्हा येतो तिथे छोटा रेणूही निवडक ठरतो.

ट्रिपॅनोसोमाच्या किनेटोप्लास्टमध्येही नेमके हेच आहे. सर्रा रोगाच्या जंतूत त्या हजारो कड्यांचा क्रम बहुतांशी एकसारखा असतो. हजारो वेळा तोच मजकूर. अक्षरे ओळखणाऱ्या रेणूसाठी हे सोयीचे लक्ष्य आहे.

या कामासाठी लागणारे हात महाराष्ट्रात आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत कृष्ण गणेश आणि वैजयंती कुमार यांनी पेप्टाइड न्यूक्लिइक ॲसिडवर वर्षानुवर्षे काम केले. डेन्मार्कमध्ये 1991 मध्ये जन्मलेल्या या रेणूत डीएनएच्या साखर-फॉस्फेट कण्याऐवजी प्रथिनासारखा, विद्युतभार नसलेला कणा असतो, त्यामुळे तो डीएनएला घट्ट बिलगतो. पण पाण्यात नीट विरघळत नाही आणि पेशीत शिरत नाही. पुण्याच्या गटाने त्या कण्यात कड्या बसवल्या, धन भार आणला आणि तो डीएनएला कोणत्या दिशेने बिलगावा यावर नियंत्रण मिळवण्याचा प्रयत्न केला. जगभरच्या संशोधकांनी या रचनांचा आधार घेतला. गणेश पुढे 2006 मध्ये पुण्यातच सुरू झालेल्या भारतीय विज्ञान शिक्षण आणि संशोधन संस्थेचे, म्हणजे आयसरचे, पहिले संचालक झाले. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गिरजेश गोविल आणि रामकृष्ण होसूर यांनी 1980 च्या दशकापासून चुंबकीय अनुनादाने डीएनएच्या तुकड्यांच्या रचना अभ्यासल्या.

पशुवैद्यकाची बाजूही इथे जुनी आहे. सर्रा रोगाचा जंतू ग्रिफिथ इव्हान्स यांना 1880 मध्ये डेरा इस्माईल खान येथे घोडे आणि उंटांच्या रक्तात सापडला. त्यानंतर नऊ वर्षांनी, 1889 मध्ये, सरकारने इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी काढली ती पुण्यात, पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झालेल्या कॉलेजच्या आवारात. तिचे प्रमुख आल्फ्रेड लिंगार्ड यांच्या अभ्यासाचा एक मुख्य विषय सर्रा होता. 1893 मध्ये ती कुमाऊंतल्या मुक्तेश्वरला गेली आणि पुढे तिचीच भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था झाली. परळचे पशुवैद्यकीय महाविद्यालय तर 1886 पासून चालू आहे. रसायनशास्त्रज्ञ पुण्यात आणि पशुवैद्यक परळमध्ये, पण एकाच जंतूवर दोघांचा एकत्र दीर्घ कार्यक्रम नाही, ही खंत वाटावी अशी गोष्ट आहे.

सर्रा हा जनावरांचा रोग म्हणून दुय्यम मानला जातो. 2004 मध्ये चंद्रपूर जिल्ह्यातल्या एका शेतकऱ्याने हा समज हलवला. त्याला थांबून-थांबून ताप येत होता आणि रक्तात ट्रिपॅनोसोमा इव्हान्सी आढळला. या जंतूमुळे माणसाला झालेल्या रोगाची वैद्यकीय साहित्यात नीट सिद्ध झालेली ती पहिली नोंद. नागपूरच्या डॉक्टरांनी ती पुढे आणली, जागतिक आरोग्य संघटनेकडून सुरामिन हे औषध मिळवले आणि रुग्ण बरा झाला. नंतर कळले की बहुतेक माणसांच्या रक्तात या जंतूला मारणारे एपीओएल1 नावाचे प्रथिन असते आणि त्याच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष असल्याने या रुग्णात ते नव्हते. माणसाचे हे संरक्षण बहुतांश वेळा पुरते. पण गोठ्यात साठून राहिलेला जंतू माणसापर्यंत पोचू शकतो, हे महाराष्ट्रातल्याच एका खेड्याने जगाला दाखवले.

नवे रेणू शोधणे सोपे नाही. डिमिनाझिनच्याच कुळातले पाफुरामिडिन आफ्रिकेतल्या निद्रारोगावर माणसांत वापरण्याच्या शेवटच्या टप्प्यापर्यंत पोचले होते; मूत्रपिंडांना इजा दिसल्याने 2008 मध्ये ते सोडून द्यावे लागले. डिमिनाझिन स्वतः उंटांना झेपत नाही आणि कुत्र्यांत मात्रा जास्त झाली तर मेंदूला इजा करते. डीएनएला चिकटणारा रेणू नको त्या पेशीत गेला तर नुकसान करणारच. म्हणून तर निवडीची विद्या लागते. स्कॉटलंडमधल्या स्ट्रॅथक्लाइड विद्यापीठाने अरुंद खाचेत बसणाऱ्या रेणूंची मालिकाच उभी केली. त्यांतला एक मोठ्या आतड्याच्या क्लॉस्ट्रिडियम संसर्गावर माणसांतल्या दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत गेला. इतर काहींनी आफ्रिकेतल्या गुरांच्या ट्रिपॅनोसोमाने बाधित उंदीर बरे केले, असा अहवाल 2019 मध्ये आला. गुरांच्या जंतूवरचे हे काम सार्वजनिक आणि धर्मादाय पैशावर झाले. गुरांचे औषध स्वस्त असावे लागते, त्यात कंपन्यांना नफा कमी. त्यामुळे बाजार स्वतःहून याकडे वळेल अशी वाट पाहण्यात अर्थ नाही. जगात सर्वाधिक दूध काढणाऱ्या देशाने आपल्या गुरांच्या जंतूंवरचे औषध स्कॉटलंडमधून येण्याची वाट पाहणेही योग्य नाही.

करायच्या गोष्टी दोन स्तरांवर आहेत. तालुका पातळीवरच्या प्रत्येक पशुवैद्यकीय चिकित्सालयात चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक, रंग आणि काचपट्टी वाचणारा प्रशिक्षित माणूस असला पाहिजे. 1962 या क्रमांकावर येणाऱ्या फिरत्या पथकाच्या गाडीतही काचपट्ट्या हव्यात. जनावर अत्यवस्थ असेल तर डॉक्टरांनी इंजेक्शन जरूर द्यावे, पण रक्त आधी घ्यावे. निकाल दुसऱ्या दिवशी आला तरी औषध बदलता येते. उपचाराला दाद न देणाऱ्या जनावराचा नमुना पुण्यात औंध येथील रोगनिदान प्रयोगशाळेकडे गेला पाहिजे आणि तिथे जंतू साठवला पाहिजे.

दुसरे काम संशोधनाच्या पैशाचे. भारतीय कृषी संशोधन परिषद आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी परळचे महाविद्यालय, आयसर आणि राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांना एकत्र बांधणारा किमान दहा वर्षांचा कार्यक्रम मंजूर करावा. त्याचा विषय नेमका असावा: सर्रा रोगाच्या जंतूची किनेटोप्लास्ट अक्षरे ओळखणारे, आणि नेहमीच्या वाहक प्रथिनावर अवलंबून न राहता पेशीत शिरणारे रेणू. त्यातला प्रत्येक रेणू महाराष्ट्रातल्या गुरांमधून घेतलेल्या जंतूंवर तपासला जावा, आणि दुधात त्याचा किती अंश उतरतो हे पहिल्या टप्प्यातच मोजले जावे. नवा रेणू दाखल होईपर्यंत दहा-पंधरा वर्षे जातील. तेवढा काळ जुनी औषधे उपयोगी ठेवण्याचे काम काचपट्टीच करू शकते.

सुरुवात म्हसा या गावी करता येईल. पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या या गावी खांबलिंगेश्वराच्या यात्रेत गुरांचा मोठा बाजार भरतो आणि घाटावरची व कोकणातली जनावरे एकाच मैदानात येतात. पशुसंवर्धन विभागाने तिथे तपासणीचा तंबू लावावा, राजी असलेल्या मालकांच्या जनावरांचे रक्त तिथल्या तिथे वाचून दाखवावे आणि ज्या जनावरात जंतू सापडेल त्याला योग्य औषध मोफत द्यावे. नमुने औंधला जावेत आणि त्यांचे निष्कर्ष तालुक्याच्या डॉक्टरांकडे उन्हाळा संपण्याआधी परत यावेत, म्हणजे पुढच्या पावसाळ्यात शहापूर-मुरबाडमध्ये कोणते औषध किती साठवायचे ते आकड्यांवरून ठरेल.